रेघांवरचा अखत्यार

निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे वडील बंधू, आणि तेच त्यांचे गुरू. नामदेवांना विसोबा खेचरांनी उपदेश केला, आणि त्या नामदेवांना चोखामेळ्याने गुरुस्थानी मानले. तुकारामांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नात झाला, बहिणाबाईंना तुकारामांचा अनुग्रहही स्वप्नातच झाला, आणि तुकारामांच्या निर्याणानंतर पिंपळनेरच्या निळोबारायांना तो त्याच वाटेने लाभला, असे परंपरा सांगते. हा सगळा मजकूर मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु एखाद्या अभ्यासकाने तो संगणकात नोंदवावयास घेतला आणि त्यासाठी रकान्यांचे नेहमीचे कोष्टक आखले, की थोड्याच वेळात त्याची पंचाईत होते. एका व्यक्तीस एक ओळ आणि एका तपशिलास एक रकाना ही शिस्त कचेरीतल्या हजेरीपटाला किंवा पगारपत्रकाला पुरते. परंतु येथे एकाच जोडीत दोन नाती निघतात, स्वप्नातील उपदेश आणि प्रत्यक्ष दीक्षा यांतील भेद कोणत्या रकान्यात लिहावा ते उमगत नाही, आणि अमुक संबंध कोणत्या ग्रंथाच्या आधाराने मानला याची नोंद ठेवण्यास तर जागाच उरत नाही. कोष्टकाला कोष्टक जोडून हे सर्व साधता येते खरे, पण मग तुकारामांपासून निघून चार पिढ्या मागे जाण्याचा साधा प्रश्नही एका दप्तरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा हेलपाटे घालीत सोडवावा लागतो.

या अडचणीवर जी व्यवस्था निघाली तिला ग्राफ डेटाबेस म्हणतात. तीत मूळ पदार्थ दोनच: बिंदू आणि त्यांना जोडणारे संबंध. बिंदू म्हणजे व्यक्ती, ग्रंथ, गाव, संस्था, काहीही. आणि संबंधाला, हीच यातील महत्त्वाची गोष्ट, स्वतःचा प्रकार असतो, दिशा असते आणि स्वतःची माहितीही असते. 'बाबाजी चैतन्य यांजकडून तुकाराम यांस अनुग्रह' हा संबंध एकदा नोंदला, की त्याच संबंधाच्या पोटात 'स्वप्नात' हा प्रकार, 'माघ शुद्ध दशमी' ही तिथी आणि 'तुकारामांचे स्वतःचे अभंग' हा दाखला असे तिन्ही तपशील ठेवता येतात. या जातीच्या डेटाबेसांत ज्याचे नाव सर्वाधिक ऐकू येते तो निओफोरजे स्वीडनमध्ये जन्मला. त्याचे एक संस्थापक एमिल आयफ्रेम यांनी २००० साली मुंबईस येणाऱ्या विमानात कागदी रुमालावर या रचनेचे पहिले रेखाटन केले, अशी हकिकत ती कंपनी स्वतःच सांगत आली आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१० साली निघाली. त्याला प्रश्न विचारण्यासाठी सायफर नावाची भाषा पाठोपाठ आली. आणि एप्रिल २०२४ मध्ये सायफरचा बराचसा वारसा घेऊन जीक्यूएल या नावाने अशा प्रश्नभाषेचे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले.

पण हजारो बिंदू आणि त्यांहून अधिक संबंध साठवले, म्हणून ते समजले असे होत नाही. माणसाचा डोळा आकृती ओळखण्यात तरबेज आहे, आणि म्हणून संबंधांचे चित्र काढण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. मानसोपचारतज्ज्ञ याकोब मोरेनो यांनी न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या शाळेत कोणाचे कोणाशी जमते आणि कोणाचे कोणाशी बिनसते याचे बिंदू आणि रेघांचे नकाशे काढले, आणि शाळेतून मुली एकामागून एक पळून जात होत्या त्या घटनांचा अर्थ त्या नकाशांत शोधला. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ते नकाशे आहेत. मोरेनो हे नकाशे हाताने काढीत, आणि कोणता बिंदू कोठे ठेवावयाचा हा निर्णय त्यांचा स्वतःचा असे. तो निर्णय यंत्राकडे सोपवण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे तिचा एक आरंभ पीटर ईड्स यांच्या १९८४ मधील निबंधात सापडतो. प्रत्येक बिंदू म्हणजे पोलादी कडे, प्रत्येक संबंध म्हणजे स्प्रिंग, अशी कल्पना करावी. जोडलेली कडी एकमेकांस खेचतात, न जोडलेली एकमेकांस दूर लोटतात, आणि ही सारी ओढाताण शमून यंत्रणा जेथे स्थिरावते ते चित्र मान्य करावे. पुढे १९९१ साली फ्रुख्टरमान आणि राइनगोल्ड यांनी, आणि २०१४ मध्ये फ्रान्समधील गेफी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी 'फोर्स-ॲटलास-दोन' या नावाने याच कल्पनेची अधिक कार्यक्षम रूपे मांडली.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे, कारण पुढील सर्व विवेचनाचे मर्म येथेच आहे. अशा चित्रात एखाद्या बिंदूची जागा ही वस्तुस्थिती नसते. आरंभीच्या जागा यदृच्छेने दिल्या असतील, तर तीच माहिती दुसऱ्यांदा मांडली असता चित्र वेगळे येते. ज्याचे संबंध पुष्कळ तो बिंदू ओढला जाऊन मध्यभागी येतो, आणि पाहणारा सहजच समजतो की, हा सर्वांत थोर. वास्तविक त्याच्याविषयी नोंदी पुष्कळ झाल्या एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आपल्या संतपरंपरेचे चित्र काढले तर तुकाराम आणि नामदेव मध्यात येतील, आणि जनाबाई, जिचा संबंध मुख्यतः नामदेवांच्या घराशीच नोंदलेला आहे, ती चित्राच्या काठावर फेकली जाईल. तिच्या अभंगांची योग्यता त्या अंतरातून मुळीच कळत नाही. कळते ती एवढीच गोष्ट की, तिच्या नावापुढे कोणी फारसे काही लिहून ठेवले नाही. चित्र मात्र हा भेद न सांगता, एखाद्या अधिकृत नकाशाच्या रुबाबाने समोर उभे राहते.

निओफोरजेबरोबर त्याचा स्वतःचा ब्राउझर नावाचा दर्शक येतो. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, खुला आहे. प्रश्न विचारला की उत्तर रंगीत वर्तुळे आणि बाण यांच्या रूपाने पडद्यावर उमटते, आणि प्रथमच पाहणारा हरखून जातो. परंतु हा दर्शक आपणहून काय काय ठरवतो ते पाहण्यासारखे आहे. उत्तरात कितीही बिंदू आले तरी मूळ सेटिंगनुसार तो पहिले ३०० दाखवतो. वर्तुळावर कोणते नाव लिहावे हे ठरवताना तो 'नेम', 'टायटल' अशा इंग्रजी नावांचा गुणधर्म आधी शोधतो, तेव्हा ज्याने मोठ्या निष्ठेने 'नाव' असा मराठी रकाना केला असेल त्याच्या वर्तुळांवर भलतेच काही उमटण्याचा संभव राहतो. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, उत्तरात आलेल्या बिंदूंमध्ये डेटाबेसात आणखी जे संबंध असतील ते, प्रश्नात मागितले नसले तरी, तो स्वतः शोधून त्यांच्या रेघा काढतो. 'फक्त स्वप्नातील अनुग्रह दाखव' असे विचारले असतानाही दोघांमधील इतर नात्यांच्या रेघा त्या चित्रात शिरतात. ही सोय वाईट हेतूने केलेली नाही, आणि पुष्कळ वेळा ती उपयोगीही पडते. पण ज्याला तिची खबर नाही तो चित्रातून असे काही वाचील जे त्याने विचारलेच नव्हते. सुदैवाने ती बंद करण्याची कळ त्याच दर्शकाच्या सेटिंगमध्ये ठेवलेली आहे.

अशा दर्शकात आपल्या गरजेनुसार फेरफार करण्याची पहिली पायरी ती हीच: दिलेल्या कळा ओळखून त्या आपल्या कामाप्रमाणे फिरवणे. रंग, आकारमान आणि वर्तुळावरील मजकूर हे सारे ब्राउझरमध्ये ग्रास नावाच्या एका छोट्या शैलीपत्रात लिहिलेले असते. ते बाहेर काढून, हाताने दुरुस्त करून परत दिले की चित्राचा वेष बदलतो. येथे एक आग्रह धरावासा वाटतो. रंग हा शोभेसाठी निवडू नये. प्रत्येक रंगाला अर्थ द्यावा आणि तो अर्थ चित्राच्या कोपऱ्यात लिहावा. संतांना एक रंग, ग्रंथांना दुसरा आणि गावांना तिसरा एवढेच केले तरी चित्र वाचता येऊ लागते.

पण ही पायरी लवकर संपते. निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर यांच्यामधील बंधुत्वाची रेघ आणि गुरुत्वाची रेघ या दोन्ही ठळकपणे वेगळ्या दिसाव्यात, स्वप्नातील अनुग्रह तुटक रेघेने यावा, ज्याचा दाखला संताच्या स्वतःच्या अभंगात आहे तो संबंध गडद आणि ज्याचा दाखला केवळ महिपतींच्या १७६२ च्या 'भक्तविजया'त आहे, म्हणजे तुकारामांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात आहे, तो फिका दिसावा, अशी इच्छा झाली, की दुसऱ्या पायरीवर यावे लागते. या पायरीवर तयार दर्शकाला निरोप देऊन, दर्शक ज्यातून घडवता येतो असे मुक्त साहित्य हाती घ्यावयाचे असते. त्यांपैकी सायटोस्केप-जेएस हे मला सर्वांत समंजस वाटते. मूळचे सायटोस्केप २००२ च्या सुमारास सिॲटलमधील जीवशास्त्रज्ञांनी पेशीतील प्रथिनांचे परस्परसंबंध पाहण्यासाठी उभे केले. त्याच घराण्यातील हे धाकटे भावंड टोरांटो विद्यापीठात वाढले, ते इंटरनेटच्या पानावर चालते, आणि त्यावरचा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे.

याची रचना अशी की, माहिती निराळी, तिचा वेष निराळा आणि तिची मांडणी निराळी. वेषाचे नियम हे 'ज्या संबंधाचा प्रकार स्वप्न असेल त्याची रेघ तुटक', 'ज्याचा दाखला समकालीन नसेल त्याची गडदता निम्मी' अशा सशर्त वाक्यांच्या रूपाने लिहावयाचे असतात, आणि ते एकदा लिहिले की पुढे येणाऱ्या प्रत्येक नोंदीस आपोआप लागू होतात. एकाच जोडीतील दोन नात्यांसाठी रेघांना वक्र करण्याचा हुकूम आहे, म्हणजे दोन्ही रेघा कमानीसारख्या अलग होतात आणि एकीखाली दुसरी झाकली जात नाही. हे काम कोणाही धीराच्या माणसास थोड्या अभ्यासाने जमते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

मांडणीचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि दर्शकाचा विस्तार करणे म्हणजे काय ते खरे तेथे कळते. गुरुशिष्यांच्या चित्रात काळ वाहता दिसला पाहिजे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ ची, म्हणजे या दोन बिंदूंमध्ये २९४ वर्षांचे अंतर आहे, आणि स्प्रिंगच्या ओढीने ते दोन्ही बिंदू शेजारी येऊन बसले तर चित्राने इतिहास मोडला असे म्हणावे लागेल. सायटोस्केप-जेएसच्या कर्त्यांना हे प्रत्येक क्षेत्राचे निराळे हट्ट आधी माहीत असणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी मांडणीची जागा मोकळी ठेवली आणि बाहेरच्या कोणीही नवी मांडणी लिहून ती नावानिशी दाखल करावी, अशी वहिवाट घातली. तुर्कस्तानातील अंकारा येथील बिल्केंट विद्यापीठाच्या मंडळींनी याच वाटेने आपल्या मांडण्या दिल्या; त्यांतील एकीत 'हा बिंदू त्या बिंदूच्या डावीकडेच राहील' किंवा 'हे बिंदू एका रेषेत राहतील' अशी बंधने घालता येतात. गुरू नेहमी शिष्याच्या डावीकडे, एवढे बंधन घातले तरी अर्धे काम होते. शकाच्या प्रमाणात अंतर हवे असेल तर मात्र आपली मांडणी आपणच लिहावी लागते. आणि ती कल्पनेपेक्षा सोपी असते. आडवी जागा शकावरून गणिताने ठरवावी, ती कोणत्याही ओढीने हलू देऊ नये, आणि ओढाताणीला केवळ उभ्या दिशेत मोकळीक द्यावी, म्हणजे रेघा एकमेकींस कमीत कमी छेदतील. ज्यांचा काळ विवाद्य आहे त्यांच्यासाठी एक बिंदू न काढता दोन शकांमधील पट्टी काढावी. ही पट्टीची कल्पना कोणत्याही तयार दर्शकात मला आढळलेली नाही, आणि आमच्या मध्ययुगीन इतिहासासाठी तर तिच्यावाचून प्रामाणिक चित्र निघणे कठीण आहे.

आता लिपीचा प्रश्न, जो इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या स्वप्नातही येत नाही. वर्तुळ लहान आणि नाव लांब असले, की बहुतेक दर्शक नाव मध्येच तोडून पुढे टिंबे देतात. 'ज्ञानेश्वर' या नावात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या युनिकोड संकेतांत मात्र तीच दहा चिन्हे असतात, कारण हलन्ताची खूण आणि मात्रा या स्वतंत्र मोजल्या जातात. चिन्हे मोजून नाव कापणाऱ्या प्रणालीने तिसऱ्या चिन्हावर कात्री चालवली तर 'ज्ञा'चा काना उडतो, आणि आठव्यावर चालवली तर 'श'चा पाय मोडून 'व' हरवतो. ही चूक दुरुस्त करण्याचे साधन आज उपलब्ध आहे: इंटरनेटची पाने दाखवणाऱ्या आधुनिक ब्राउझरांत मजकुराचे अक्षरगट पाडणारी सोय अंगभूत असते, आणि २०२३ मधील युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसारख्या लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम अक्षरगटांच्या व्याख्येत घातला. म्हणजे नाव तोडणारा मूळ मजकुरातील भाग शोधून तेथे चिन्हांऐवजी अक्षरगट मोजावयास लावणे एवढेच उरते. फेरफार लहान आहे. पण तो कोणी करावयाचा, तर ज्याला 'ज्ञा'चा मोडलेला काना टोचतो त्यानेच.

हा फेरफार करण्याचा हक्क कोठून येतो? तो परवान्यातून येतो, आणि परवाना वाचल्याशिवाय काम आरंभणे हा अविचार होय. निओफोरजेचा ब्राउझर जीपीएल या परवान्याखाली आहे: त्यात वाटेल तो बदल करावा, स्वतःच्या संस्थेत खुशाल वापरावा, पण बदललेली प्रणाली दुसऱ्यास दिली तर तिचा मूळ मजकूरही त्याच शर्तीवर दिला पाहिजे. सायटोस्केप-जेएसचा एमआयटी परवाना अधिक सैल आहे. मूळ कर्त्याची हक्कसूचना कायम ठेवली की बदललेला भाग खुला करण्याची सक्ती नाही. या दोन सनदांमधील भेद केवळ कायद्याचा नाही, आणि त्याचे परिणाम कसे होतात याचे उत्तम उदाहरण फ्रान्समध्ये घडले. २००८ साली काँपिएन्य येथील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी गेफी सुरू केले. २०१२ मध्ये आलेक्सी झाकोमी यांनी संबंधांची चित्रे काढणारे, इंटरनेटच्या पानावर चालणारे सिग्मा-जेएस लिहिले, आणि ते एमआयटी परवान्याने खुले केले. गेफीच्या एका सहसंस्थापकाचा सहभाग असलेल्या लिंक्युरियस या पॅरिसच्या कंपनीने त्या सिग्माची स्वतंत्र शाखा काढली, तीत आपल्या गिऱ्हाइकांना लागणाऱ्या सोयींची भर घातली, आणि तिच्या आधारावर निओफोरजेसाठी आपला व्यापारी दर्शक उभारला. २०१६ च्या एप्रिलमध्ये जे पनामा पेपर्स प्रकाशात आले त्यांत १ कोटी १५ लाख कागदपत्रे होती, २ लाख १४ हजार कंपन्या आणि न्यासांची नावे होती. आणि त्यावर खपणाऱ्या ३७० हून अधिक पत्रकारांनी, ज्यांत भारतातील 'इंडियन एक्सप्रेस'चे बातमीदारही होते, कोण कोणाच्या कंपनीचा भागीदार आणि कोणत्या पत्त्यावर किती कंपन्या दडल्या आहेत हे धागे निओफोरजे आणि लिंक्युरियस यांच्या साहाय्याने उलगडले. पुढे त्या कंपनीने खुली शाखा सोडून आपले स्वतःचे बंद साहित्य घडवले. सिग्मा-जेएस मात्र आजही खुले आहे आणि नव्या आवृत्त्यांनी वाढते आहे. एमआयटी परवान्याने दोन्ही वाटांना मुभा दिली होती. मला स्वतःला जीपीएलची शर्त सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संशोधनासाठी अधिक उचित वाटते, कारण विद्यापीठात घडलेला दर्शक कोणाच्या तिजोरीत बंद होऊ नये. पण सिग्मासारखे साहित्य सैल परवान्यामुळेच इतक्या हातांत पोहोचले, हेही नाकारता येत नाही.

शाखा काढणे सोपे आणि सांभाळणे अवघड, हे मात्र प्रत्येक उत्साही संस्थेला आधी सांगितले पाहिजे. मूळ प्रणाली पुढे जात राहते, तिच्यातील सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, आणि आपण आतल्या मजकुरात जेथे जेथे हात घातला तेथे तेथे प्रत्येक नव्या आवृत्तीशी आपले म्हणणे पुन्हा जुळवावे लागते. म्हणून जे बाहेरून जोडता येईल ते आतून बदलू नये: वेष शैलीपत्रात ठेवावा, मांडणी स्वतंत्र जोड म्हणून लिहावी, आणि गाभ्याला स्पर्श फक्त नाइलाजाने करावा. आणखी एक खबरदारी. पानावर चालणारा दर्शक थेट डेटाबेसाशी बोलत असेल, तर त्या पानाच्या मजकुरात ठेवलेला परवलीचा शब्द पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जातो. तेव्हा दोहोंच्या मध्ये एक सेवक-यंत्र ठेवावे, त्याने ठरावीक प्रश्नच पुढे पाठवावे, आणि त्याला लिहिण्याचा अखत्यार देऊ नये.

आणि जेथे गाभ्याला हात लावल्याशिवाय गत्यंतर नसते, जसे अक्षरे तोडण्याच्या बाबतीत, तेथे तो बदल आपल्याजवळ जपून न ठेवता मूळ कर्त्यांकडे पाठवावा. त्याची रीत ठरलेली आहे: अडचण आधी शब्दांत मांडावी, 'ज्ञानेश्वर' हे नाव कोठे कापले असता काय होते त्याचे चित्र जोडावे, बदल जेवढा लागेल तेवढाच करावा, आणि तो बरोबर चालतो हे सिद्ध करणारी चाचणी सोबत द्यावी. मूळ प्रणालीचे राखणदार बहुधा आपल्या फावल्या वेळात काम करणारी माणसे असतात, आणि त्यांना देवनागरी वाचता येत नसते. म्हणून चाचणीत कोणते उत्तर योग्य हे त्यांना न वाचताही पडताळता येईल अशा रीतीने लिहावे लागते. उत्तर यावयास काही आठवडे लागतात, कधी बदल सुचवले जातात, कधी तो दुसऱ्याच रूपाने स्वीकारला जातो. पण एकदा तो मूळ प्रवाहात गेला की त्याची देखभाल सर्वांची होते, आणि पुढची आवृत्ती उतरवून घेणाऱ्या काठमांडूतील नेपाळी अभ्यासकाच्या, वाराणसीतील हिंदी संपादकाच्या आणि पणजीत कोंकणी कोश करणाऱ्याच्या पडद्यावरही नावे अखंड उमटतात.